किल्लीमावशीची अडलेली सही

किल्लीमावशी लशींच्या फ्रीजमध्ये घरचं पाणी गार करते, अशी गल्लीत बोंब होती. साफ खोटी! जावयाचा पाय मुरगळला, तो लंगडत आरोग्य केंद्रात बर्फाचा खडा मागायला गेला, तर सासूबाईंनी ओलं फडकं हातात देऊन त्याला वाटेला लावलं. फ्रीजची किल्ली सदा गळ्यात, आंघोळीलाही उतरत नाही. जावयाला बर्फ न देणारी बाई घरच्या कळशीला फ्रीजमध्ये जागा काय देणार?

फ्रीज एका परदेशी संस्थेने दिलेला. दहा वर्षं सुटे भाग तिकडूनच यायचे, मेकॅनिकही तेच पाठवायचे. परवा त्यांचा साहेब आला. सोबत त्याचं बोलणं समजावून सांगणारी मुलगी. साहेबाने फ्रीज पाहिला आणि मावशीचा हात धरून चांगला गदागदा हलवला. मावशीच्या मनात पाल चुकचुकली. एवढं कौतुक फुकट कोण करतं?

कागद निघालाच. 'केंद्र आता स्वावलंबी आहे. यापुढे दुरुस्ती स्थानिक पातळीवर होईल.' खाली फ्रीज सांभाळणारीच्या सहीसाठी जागा. केंद्राचे डॉक्टर तर पेनाचं टोपण काढूनच उभे.

"स्थानिक म्हणजे कोण?" मावशीने विचारलं.

"नेमतील हो कुणाला तरी. करा सही, साहेबांची गाडी खोळंबलीय," डॉक्टर म्हणाले.

"वजनकाट्याच्या वेळीही हेच म्हणालात. तो बंद पडून वर्ष झालं. आता बाळ उचलून तुम्हीच अंदाज सांगता!"

मुलीने हसू दाबत हे साहेबाला सांगितलं. साहेबाने डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी छताकडे.

"एक दुपार हा बंद राहिला, तर दोनशे पोरांच्या लशी वाया जातील," मावशी म्हणाली. "तो माणूस आधी आणा. माझ्यासमोर फ्रीज खोलून जोडून दाखवू दे. मग सही."

मुलीने हेही साहेबाला सांगितलं. मग त्याने दुरुस्तीची ती ओळ खोडली आणि वर हाताने लिहिलं: इथला मेकॅनिक तयार होईपर्यंत मदत चालू राहील. मावशीने ते मुलीकडून दोनदा वाचून घेतलं, आधी साहेबाला सही करायला लावली, तेव्हा कुठे पेन धरलं.

"मावशी, आता तरी बसला ना आमच्यावर विश्वास?" मुलगी हसत म्हणाली.

"विश्वास तर माझा फ्रीजवरही आहे गं. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ त्याचं तापमान बघायचं सोडते का मी?"