अध्यक्षांची दोन वाक्यं

सरकारी दवाखान्यात त्यांना सगळे 'बोलक्या बाई' म्हणत. ज्याने हे नाव ठेवलं त्याला विनोदाची हौस असावी, कारण बाई स्वतः कामापुरतंच बोलत. पक्षाघाताने ज्यांची वाचा गेली त्यांना पुन्हा बोलतं करायचं, हे त्यांचं काम. खोली एक्स-रे विभागाला लागून, दार धड न लागणारं. आत एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला आरसा आणि चित्रांच्या पत्त्यांचा एक डबा. बाहेरच्या बाकावर सकाळपासून माणसं बसलेली. त्यांत शिंपी असे, मास्तर असे, शिव्यांखेरीज काहीच न आठवणारा एखादा सज्जन कारकूनही असे. शिव्या म्हणे मेंदूत वेगळ्याच कोपऱ्यात असतात. बाकी सगळं वाहून गेलं तरी त्या शाबूत राहतात.

बाईंची पद्धत साधी होती. रोग्याचा चांगला हात मांडीवर ठेवायचा, त्याने ताल धरायचा आणि त्या तालावर एकच वाक्य गुणगुणत रोज म्हणून घ्यायचं. मग एके दिवशी, ज्याला स्वतःच्या पोराचं नाव आठवत नाही तो माणूस ते वाक्य घडाघडा म्हणतो आणि घरच्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. बाईंच्या येत नसे. पाठ झालेलं वाक्य म्हणजे बोलणं नव्हे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. 'नको, पुरे' एवढंच शिकलेल्या एका भाजीवाल्याला बायकोने महिनाभर दुसऱ्यांदा वाढलंच नव्हतं; तो वाळून काडी झाला तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. म्हणून मोठ्या डॉक्टरांनी कुठल्याही रोग्याबद्दल विचारलं की बाई आधी वेगळं करून सांगत, 'हे शिकवलेलं. हे त्याचं स्वतःचं.' बहुतेक वेळा स्वतःचं असं काही नसेच.

घरी पोचल्या की त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या होत. नवरा छापखान्यातून निवृत्त झालेला, दिवसभर बोलायला माणूस शोधणारा. तो म्हणे, "जगाला बोलतं करतेस आणि घरी आलीस की तोंडात गुळणी."

"शब्द संपले आजचे," बाई म्हणत. आणि ते खरंच असे.

अशा या बाईंकडे एके दिवशी राष्ट्राध्यक्षांचा खाजगी सचिव आला. त्याच्या मामांना बाईंनी बोलतं केलं होतं, ती ओळख. अध्यक्षांना पक्षाघाताचा झटका आल्याचं वर्तमानपत्रांतून सगळ्यांनाच कळलं होतं. अशा वेळेसाठी घटनेत एक कलम होतं. ते आजवर कुणी वापरलेलं नव्हतं, त्यामुळे जो तो त्यातला जाणकार झाला होता.

"साहेबांना एक वाक्य हवंय," सचिव म्हणाला. "मंत्रिमंडळाने कळवलंय, की ते काम करू शकत नाहीत. आता आयोग बसेल. सरन्यायाधीश, सभापती आणि तीन डॉक्टर. त्यांच्यासमोर साहेबांनी स्वतःच्या तोंडाने सांगायचं, मी समर्थ आहे. कागद बघायचा नाही, कुणी सुचवायचं नाही. एवढं जमलं की मंत्रिमंडळ गेलं उडत."

"आणि नाही जमलं तर?"

"तर आयोग त्यांना असमर्थ ठरवणार आणि उपाध्यक्ष खुर्चीत बसणार."

"आणि त्यांना स्वतःलाच सोडायचं असेल तर?"

सचिवाने बाईंकडे नीट पाहिलं. "राजीनामा. तोही स्वतःच्या हाताने लिहिलेला, नाहीतर आयोगापुढे स्वतःच्या तोंडाने. उजवा हात तर गेलाच आहे, आणि डाव्याने अक्षरं जुळत नाहीत. पण तो प्रश्न येतोच कुठे?"

बाईंना नको म्हणायचं होतं. पण नको म्हणायलाही अंगात जोर लागतो.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी अध्यक्षांच्या निवासाहून गाडी येऊ लागली. उंच खिडक्यांची खोली, एका बाजूला लोखंडी पलंग, दुसऱ्या बाजूला कोरं करकरीत लिहिण्याचं टेबल. साहेब टेबलाशी बसलेले, उजवा गाल किंचित ओघळलेला. बाईंनी पहिल्याच दिवशी ओळखलं की माणसाला सगळं समजतंय. बायकोने सचिवाला टोमणा मारला की हे नेमके त्याच जागी हसत. अक्कल जागच्या जागी होती, फक्त दाराला बाहेरून कडी लागली होती.

मांडीवर ताल धरून वाक्य सुरू झालं. 'मी माझं काम करायला समर्थ आहे.' साहेब शहाण्या विद्यार्थ्यासारखे म्हणत, पण म्हणून झालं की तोंड वळवत. ते बाईंना खुपू लागलं. होकार-नकाराचा भरवसा नव्हता. अशा रोग्याच्या तोंडून 'हो'च्या जागी 'नाही' सहज निघतं. म्हणून त्यांनी पत्ते मांडले. खुर्ची, पलंग, कप, दार. "तुम्हाला काय हवंय?" साहेबांनी खुर्चीचं चित्र पालथं घातलं. मग डाव्या हाताची दोन बोटं टेबलावर उभी केली आणि पावलं टाकत टाकत दाराच्या चित्रापर्यंत नेली. बाईंनी पत्त्यांच्या जागा बदलल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा बदलल्या. बोटं दर वेळी दारापाशीच गेली.

"मग सोपं आहे," बाई म्हणाल्या. "आयोगापुढे गप्प बसा. आपोआप सुटाल."

साहेबांनी टेबलावर अशी थाप मारली की कपातला चहा सांडला.

खिडकीशी बसलेली त्यांची बायको उठून आली. "त्यांना जायचंय, बाई. पण असमर्थ म्हणून उचलून बाहेर ठेवलेलं नकोय. आजवर जिथून निघाले तिथून स्वतःच्या पायांनी निघालेत. एवढं एक द्या त्यांना. मी तुमच्या पाया पडते."

बाईंनी तिला पाया पडू दिलं नाही, पण त्या दिवसापासून दुसरं वाक्य सुरू झालं. 'आता मी पद सोडतो.' सुरुवात मुद्दाम 'आता'ने केली, ताल वेगळा धरला. पहिला शब्द तोच असता, तर रोगी जुन्या वाक्याच्या वाटेला लागला असता. सचिव शेजारच्या खोलीत सतत फोनवर. आत काय गुणगुणणं चाललंय इकडे त्याचं लक्ष नव्हतं. बाईंना भीती एकाच गोष्टीची होती. पहिलं वाक्य फार चांगलं बसलं होतं. स्वतःचं काम उत्तम झाल्याचं एवढं वाईट त्यांना कधी वाटलं नव्हतं.

आयोग आला तो भर दुपारी, जेवणं आटोपून. लांबलचक टेबलाच्या एका बाजूला ते पाच जण, समोर साहेब. बायको, सचिव आणि बाई मागे भिंतीशी. सरन्यायाधीश म्हातारे होते, आवाज मऊ. त्यांनी कलम वाचलं आणि विचारलं, "आपण आपल्या पदाचं काम करायला समर्थ आहात का?"

साहेबांचा डावा हात मांडीवर हलायला लागला. "मी..." आणि बाईंनी ओळखलं, जुन्याच वाटेला लागले. "मी माझं काम करायला समर्थ आहे." अगदी खणखणीत. सचिवाने हुश्श केलं. सभापती टोपण लावून पेन खिशात ठेवू लागले. साहेब मात्र डोकं हलवत होते, घाम पुसत होते.

बाई उठल्या. "थोडं थांबा. त्यांचं झालेलं नाही."

"बाई, सुचवायचं नाही," सभापती म्हणाले.

"सुचवत नाही. नुसतं थांबा म्हणते."

सरन्यायाधीशांनी हात वर केला आणि सगळे थांबले. मग साहेबांनी हाताचा ताल बदलला. "आता..." एवढंच आलं. पुन्हा, "आता... मी... पद... सोडतो."

बायकोने तोंडाला पदर लावला. सचिव ताडकन उभा राहिला. "हे यांचं नाही! हे या बाईंनी पढवलंय त्यांना!"

सरन्यायाधीश बाईंकडे वळले. "खरं आहे का? हे वाक्य तुम्ही शिकवलंत?"

इतकी वर्षं डॉक्टर विचारत आणि बाई सांगत, तसंच त्यांनी सांगून टाकलं. कुणाचा जीव टांगणीला आहे याचा विचार तोंडाने केलाच नाही. "हो. दोन्ही वाक्यं मीच शिकवलीत. स्वतःचं अजून काही नाही."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं. त्या घाईघाईने म्हणाल्या, "पण दुसरं त्यांनी निवडलं होतं!"

"तोंडाने सांगितलं होतं?"

"नाही. चित्रं दाखवून."

"कलमात तोंडाने असं आहे, बाई." म्हातारा खरोखर कष्टी झाला होता. पाचही जण एकमेकांकडे झुकले, कुजबुजले. शिकवलेलं वाक्य अध्यक्षांचं स्वतःचं म्हणता येत नाही. म्हणजे समर्थ असल्याचं सांगणंही गेलं आणि राजीनामाही गेला. उरला तो आयोगातल्या डॉक्टरांनी आधी केलेल्या तपासणीचा अहवाल. सरन्यायाधीशांनी तो वाचून दाखवला आणि शेवटी तो शब्द उच्चारला, असमर्थ. साहेबांनी तो मान ताठ ठेवून ऐकला. कागदांवर सह्या झाल्या, खुर्च्या सरकल्या, आयोग समोरच्या दाराने निघून गेला. सचिव उपाध्यक्षांना गाठायला त्यांच्या मागोमाग पळाला.

मागच्या दारातून चाकाची खुर्ची आणली गेली. साहेबांनी ती नाकारायचा प्रयत्न केला, पण दिवसभराच्या श्रमाने पाय उभे राहीनात. दोघा शिपायांनी त्यांना उचलून खुर्चीत ठेवलं. बाई भिंतीशी उभ्या होत्या.

बायको समोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, तेच जास्त वाईट होतं. "तुम्ही नाही म्हणाला असतात तर? एक शब्द. त्यांनी एवढी मेहनत केली, आणि तुम्ही एका वाक्यात पाणी फिरवलंत. खरं बोलायची काय गरज होती?"

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या.

"होती."

दोघींनी वळून पाहिलं. साहेबांचा डावा हात खुर्चीच्या कडेवर नुसता पडलेला होता, ताल नव्हता, काही नव्हतं. बाईंना क्षणभर वाटलं, शेवटचा शब्द कानावर पडला तसा उचलला असेल. तसंही होतं पुष्कळदा.

साहेबांनी बायकोकडे पाहिलं, मग बाईंकडे. कपाळावरची शीर फुगली. "गरज... होती."

बाई धावत समोरच्या दाराशी गेल्या. बाहेर पायऱ्यांवर कुणी नव्हतं. आयोगाची शेवटची गाडी फाटकातून वळत होती.