रिठावहिनींचं फुस्स

आमच्या गुढियारी मोहल्ल्यात कोणाकडे नागपूरचे पाहुणे संत्री घेऊन आले, की पाठोपाठ रिठावहिनी हजर! "संत्री तुम्ही खा, सालटं मले द्या," असं बिनदिक्कत म्हणायच्या आणि पिशवी उघडून समोर बसायच्या. पाहुणा बिचारा घाईघाईत फोडी गिळायचा. मला मेलं हसू आवरायचं नाही.

हा खटाटोप धाकट्या जावेसाठी होता. नवरा गेल्यावर ही सुनंदा घरून जेवणाचे डबे पुरवायची. भांड्यांच्या पावडरीनं तिचे हात पार सोलून निघाले, बोटांतून रक्त यायला लागलं. डॉक्टर म्हणाले, हे काम सोडा. ती रडायलाच लागली. "दीदी, डबे बंद झाले तर मी करू काय?" वहिनी म्हणाल्या, "डबे काहून सोडतं? पावडर सोड."

मग त्यांच्या मागच्या व्हरांड्यात प्लास्टिकचे कॅन लागले. सालटं, गूळ, पाणी. महिनोन्‌महिने आंबवायचं, मग गाळून त्यात उकळलेल्या रिठ्याचं पाणी घातलं, की भांड्यांचा साबण तयार. वास म्हणाल तर, देवा रे देवा! रोज सकाळी वहिनी एकेक झाकण सैल करायच्या. आतला वायू फुस्स करून निघाला, की म्हणायच्या, "दम घेऊ दे त्याले." एकदा लग्नाला गेल्या आणि झाकणं तशीच राहिली. कॅन असा फुटला, की शेजारचे भैया "सिलेंडर फटा!" ओरडत रस्त्यावर धावले. वहिनींनी आल्यावर छताला चिकटलेली सालटं काढली आणि पुन्हा कॅन भरला.

सुनंदाचा विश्वास बसेना. "दीदी, झाग तर नावालाच आहे!"

"फेसानं नाही निघत वं, घासल्यानं निघते. घासून तर पाह."

तिनं घासून पाहिलं. भांडी स्वच्छ निघाली. हळूहळू बोटांच्या भेगाही भरल्या. एका दुपारी तिनं वरणावर लिंबू पिळलं आणि तिला झोंबलं नाही. वहिनी बघत होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मागच्या हिवाळ्यात वहिनी अचानक गेल्या. घर बायकांनी भरलं होतं. सुनंदा त्यांच्या पायाशी कोरड्या डोळ्यांनी बसली होती. एकाएकी ती उठून मागे गेली. मला काळजी वाटली, म्हणून मीही गेले. ती एकेक झाकण सैल करत होती.

"सकाळपासून कोणी उघडलंच नाही, ताई," ती म्हणाली.

शेवटचा कॅन फुस्स झाला. "दम घेऊ दे त्याले," असं ती पुटपुटली, आणि तेव्हा कुठे ओक्साबोक्शी रडली.