बसून नांगरायचं यंत्र

माझं लग्न जुळवताना मध्यस्थ म्हणाला होता, "पोरगा सोन्यासारखा आहे, फक्त पायात जरा कमी आहे." जरा! लहानपणच्या तापात डावा पाय वाळून गेलेला. काठीशिवाय उंबरा ओलांडता येत नव्हता, मग बैलांमागं ढेकळांतून दिवसभर चालणं कुठलं? मला राग यांचा नाही आला, त्या मध्यस्थाचा आला. तो मेला तरी माझा राग काही गेला नाही.

आमचं गाव पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडं. घरात सासू-सासरे, थोरले दीर-जाऊ आणि आम्ही दोघं. बैलजोडी दीर हाकायचे. नाल्याकडचं काळं रान यांच्या वाट्याचं, पण तेही दीरच करायचे आणि हे बांधावर बसून पाखरं राखायचे. येणारा-जाणारा विचारायचा, "काय मालक, पाखरं हाकून राह्यले का?" हे हसायचे. घरी येऊन मात्र न जेवताच ताट पुढं सरकवायचे.

जालन्याच्या वाटेवर एका बड्या माणसाची मोसंबीची बाग होती. पोलीस ॲक्शननंतर तो माणूस हैदराबादेकडं निघून गेला. झाडांच्या दोन ओळींमधून चालवायचं एक लहानसं ट्रॅक्टर त्याच्या पडवीत तसंच राहिलं. कोंबड्या त्याच्यावर अंडी घालायच्या. राखणदार म्हणाला, "न्या एकदाचं, जागा अडून राह्यली." यांनी लग्नाआधी जालन्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनापाशी काम केलं होतं. यंत्र बघून आले आणि चुलीपुढं बसून मला म्हणाले, "त्याला बैठक हाय गं. बसून नांगरता येईल." असा आवाज मी त्यांचा तोवर ऐकला नव्हता.

सासरे, म्हणजे आमचे मामंजी, बोलायला कडक. यंत्र बैलगाडीतून गोठ्यात उतरलं तसं त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "पोळ्यानंतर ज्वारीची पेरणी. तवर या डबड्यानं तुझं रान तयार करून दाखव. न्हाई झालं तर रान बटईनं थोरल्याकडं. मंग पुन्हा बोलायचं न्हाई." बटईनं म्हणजे रान नावाला यांचं, पीक दुसऱ्याच्या हातचं. हे फक्त "बराबर" म्हणाले.

उन्हाळाभर आम्ही दोघं त्या लोखंडाशी झटलो. मी कामाची बाई, पण असं काम कधी केलं नव्हतं. एकेक नट रॉकेलमध्ये भिजवायचा, घासायचा, फडक्यावर ओळीनं मांडायचा. एकदा घमेलं सापडलं नाही म्हणून यांनी भाकरीची काथवटच उचलून नेली. दोन दिवस भाकरीला रॉकेलचा वास! सासूबाई म्हणाल्या, "आता चुलीवर इंजिनच ठेव, पोरी." जाऊबाई तर पदर तोंडाला लावून हसायच्या.

इंजिनातला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, गंजून जाम झाला होता. वरच्या भोकातून हे रोज थोडं तेल सोडायचे. मामंजी दाराशी हात मागं बांधून उभे राहायचे. एकदा न राहवून म्हणाले, "त्याला काय पाजतो रे?"

"तेल, दादा. तेलानं सुटतंय ते."

मामंजी हुं म्हणाले आणि गेले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराशी हजर. तोंडानं डबडं म्हणायचे, पण गोठ्यात कुणी यंत्रावर घोंगडं टाकलं तर अंगावर धावून जायचे.

आषाढात दट्ट्या सुटला. पण चालू करायला पुढून हँडल मारावं लागायचं, आणि एका पायावर ते यांना जमेना. मग मी कासोटा घट्ट केला आणि मारलं. पहिल्या दिवशी त्या हँडलनं असा उलटा तडाखा दिला की मनगट सुजलं. तिसऱ्या दिवशी फट्-फट् करत धूर ओकत ते पेटलं, आणि हे बैठकीवर चढून नाल्याकडच्या रानात गेले. नांगराची पाच-सहा तासं उभी ओढली. नवऱ्यानं नांगरलेलं रान! मी बांधावर उभी राहून खुशाल रडले, कोण काय म्हणतंय याची पर्वा केली नाही.

मग पावसानं काळं रान चिकट झालं आणि बाकीची नांगरट पोळ्यानंतरच्या उघडिपीवर राहिली. पोळ्याला बैलांना कामाला लावत नाहीत, तसं यंत्रालाही सुट्टी. सासूबाईंनी खांदेमळणीची लोणी-हळद बैलांच्या खांद्याला लावली आणि उरलेली त्या लोखंडी बैठकीला. पुरणपोळीचा घासही पुढं ठेवला. त्यानंतर पावसानं झड लावली. आठवडाभर रानात पाय टाकता येईना.

उघडीप झाल्यावर सगळी मंडळी बघायला जमली. मी हँडल मारलं. अर्धं फिरलं आणि अडलं. पुन्हा मारलं, तसंच. हे म्हणाले, "थांबा, खोलून बघतो." पण मामंजींना कुठला दम? "चार माणसं उभी हायेत. बैल लाव पुढं, वढल्यावर जल्दी चालू होईल." थोरल्या दीरांनी बैल जुंपले. बैलांनी हिसका दिला आणि आत काहीतरी कडाड्दिशी मोडलं. मला ते ऐकूनच कळलं.

"दैव देतं अन् कर्म नेतं," कुणीतरी मागून म्हणालं. मामंजी सगळ्यांसमोर यांना म्हणाले, "तुला जमलंच न्हाई. तुझ्यानं व्हायचंच न्हाई ते." आणि काठी आपटत निघून गेले.

माणसं पांगल्यावर यांनी वरचं भोक उघडलं. आतून पिवळं, चिकट तेल वर आलं. काठोकाठ भरलेलं. वासावरून मी ओळखलं, जवसाचं. आमच्याकडं जवसाचं तेल तिफणीला, गाडीच्या जुवाला लावायचं, आणि ते काम दर पोळ्याला मामंजी स्वतः करायचे. त्या तेलाच्या बुधल्याला दुसरं कुणी हात लावत नसे. लेकाच्या यंत्रालाही त्यांनी बैलासारखं पाजलं होतं, भोक भरेपर्यंत. तेल दाबलं जात नाही. दट्ट्याला वर यायला जागाच उरली नाही, आणि बैलांनी ओढल्यावर त्याचा दांडा मोडला.

मी तशीच उठले. म्हटलं, आत्ताच्या आत्ता जाऊन सांगते, कुणामुळं झालं ते. यांनी माझं मनगट धरलं.

"बिलकुल न्हाई."

"अहो, रान जाईल!"

"जाऊ दे. त्यानं जीव लावून पाजलंय. हे कळलं तर म्हातारा मरेपर्यंत सोताला खाईल."

"आणि तुम्ही?"

ते फडक्यानं तेल पुसत बसले.

त्या वर्षी ज्वारी दीरांनी पेरली, पुढच्या वर्षीही. मला जेव्हा जेव्हा आठवायचं तेव्हा मी भांडी आदळायची. एवढा चांगुलपणा कुणी करावा का? मला आजही तो पटत नाही.

मामंजी अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांची सगळी सेवा यांनीच केली. एका दुपारी मी पेज घेऊन गेले तर हे त्यांचे पाय चेपत होते. मामंजी यांच्याकडं बघत म्हणाले, "एवढं चांगलं यंत्र व्हतं रे. तुझ्या हातानं वाया घालवलंस."

"व्हय दादा," हे म्हणाले, "माझंच चुकलं."