स्कॉटलंडचा पोवाडा

दमणं म्हणजे काय ते मला त्या सहा महिन्यांत नीट कळलं. हॉस्पिटलात मी रेडिओग्राफर, एक्स-रे काढणारी. दिवसभर लोकांना सांगायचं, श्वास घ्या, धरून ठेवा, हं, सोडा. आणि घरी आलं की स्वतःचा श्वास धरून बसायचं. कारण घरी सासरे होते, आणि त्यांचा मुलगा मला सोडून गेलाय हे त्यांना कळू द्यायचं नव्हतं.

तसं ठरलं होतं. म्हणजे नवऱ्याने ठरवलं आणि मी मान डोलावली. सासूबाईंचं वर्षश्राद्ध उरकून बाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे इंग्लंडात मिल्टन कीन्सला येणार होते. तिकीट काढून झालं होतं. तिकीट काढल्यावर आणि ते यायच्या आत मधल्या मधे नवऱ्याने बॅग भरली. त्याच्या ऑफिसातली कुणी होती. "बाबांना आत्ता नको," तो म्हणाला. "आईच्या मागे हे ऐकून खचतील. स्कॉटलंडला कॉन्ट्रॅक्ट मिळालंय म्हणून सांगू. मी अधूनमधून येत जाईन. सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे!" झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ झाकून बसायचं कुणी? मी! आणि स्कॉटलंड कसलं डोंबलाचं? तो आमच्या घरापासून तीन राउंडअबाउट, म्हणजे तीन गोल चौक, पलीकडे एका नव्या फ्लॅटमध्ये राहत होता.

बाबा आले त्या वीकेंडला तो घरी होता. सोमवारी 'गेला' आणि पुढच्या शुक्रवारी 'आला'. येताना लाल चौकड्यांचा शॉर्टब्रेड बिस्किटांचा गोल डबा घेऊन आला. "खास तिकडचा, बाबा," म्हणाला. बाबांनी डबा हातात फिरवून फिरवून पाहिला. झाकणावर डोंगर होता आणि डोंगरावर किल्ला. मी स्वयंपाकघरात उगाच भांडी घासत राहिले. त्यानंतर तो महिन्यातून एकदा यायचा, पुढे तेही बंद झालं. राहिला फक्त रविवारी संध्याकाळी सहाचा फोन.

मुलगा राहतो तो मुलूख आहे तरी कसा, हे बाबांना पाहायचं होतं. त्यांना तिकडे घेऊन जायची माझी ताकद नव्हती. मग जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमध्ये एक डीव्हीडी दिसली, ती उचलली. स्कॉटलंडच्या जुन्या काळातल्या बंडखोर वीराचा तो भला मोठा सिनेमा. म्हटलं, घ्या, डोंगर बघा, धुकं बघा, मला जरा सोफ्यावर पाय पसरू द्या.

पण बाबा साताऱ्याकडच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवलेले. ते डोंगर कसले बघतात! पाच मिनिटांत पुढे सरकून बसले. तोंडाला नीळ फासलेला तो गडी घोड्यावरून मूठभर माणसांपुढे गरजायला लागला तसे बाबांचे डोळेच चमकायला लागले. "अगं, हा तर आपल्यातलाच! मूठभर मावळे, समोर एवढी बादशाही फौज. गवतात दडलेत बघ, गनिमी कावा!" संवाद त्यांना अर्धे कळायचे, उरलेले मी सांगायचे. मोठी लढाई जिंकली तेव्हा त्यांनी चक्क टाळी वाजवली.

मला पुढचं ठाऊक होतं. लग्नानंतर पहिल्या वर्षी नवऱ्याबरोबर मी तो सिनेमा पाहिला होता. पुढे फितुरी आहे, आपलेच लोक त्याला धरून देतात, आणि शेवटी भर चौकात त्याचे हाल हाल करतात. बायकोला जाऊन वर्ष झालेला माणूस शेजारी टाळ्या वाजवत बसलाय, पहाटे पाचला उठून मला ड्यूटीवर जायचंय, आणि आता तासभर मी हे समजावून सांगू? मी रिमोट दाबला.

"संपला?"

"थोडा आहे अजून, पण डिस्क खराब आहे, बाबा. इथून पुढे अडकते."

"असू दे. पण मिळालं ना राज्य त्याला?"

"मिळालं," मी म्हणाले. बाबांशी खोटं बोलायची एव्हाना मला सवयच झाली होती.

मग त्यांना नादच लागला. मी कामावर गेले की ते स्वतः डीव्हीडी लावायचे आणि लढाई संपली की शिस्तीत बंद करायचे, मशीन बिघडायला नको म्हणून. एक दिवस घरात शिरले तर हॉलमधून ठेका ऐकू आला. शॉर्टब्रेड संपवून त्यांनी डब्याचा डफ केला होता. तरुणपणी ते शाळेच्या गॅदरिंगला पोवाडे म्हणायचे, हे मी नुसतं ऐकून होते. आता पंचाहत्तराव्या वर्षी त्यांनी नवा रचायला घेतला होता.

"धुक्याच्या मुलखात जन्मला वाघाचा बच्चा, जी जी रं जी! तोंडाला फासली नीळ, शब्दाचा गडी हा सच्चा, जी जी रं जी!"

खरं सांगते, दिवसभराच्या शिणवट्यावरही मला हसू फुटलं. आणि ते किती दिवसांनी फुटलं होतं!

रविवारच्या फोनवर बाबा हा पोवाडा मुलाला ऐकवायचे. "तू तिथे असून एक किल्ला बघितला नाहीस? कमाल आहे!" पलीकडून तो म्हणायचा, "वेळच होत नाही, बाबा. इथे थंडी मरणाची." आमच्याही खिडकीबाहेर तीच थंडी असायची. मी मनात त्याला अशा शिव्या घालायचे की विचारू नका.

लंडनमधल्या हॅरोला मराठी मंडळाचा वार्षिक कार्यक्रम होता. बाबांनी सेक्रेटरींना स्वतः फोन करून दहा मिनिटं मागून घेतली. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी मला खुर्चीत बसवून पोवाडा पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवला. शेवटचं कडवं आलं. मुलूख मोकळा झाला, चौघडे वाजले, वीर सिंहासनावर बसला. स्कॉटलंडात चौघडे! "पोवाडा दुखवट्यावर संपवायचा नसतो," ते म्हणाले. "राज्याभिषेक हवाच."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण मग ते विचारणार, तू खोटं का बोललीस? एक टाका उसवला की पुढचाही उसवणार, हे मला दिसत होतं. त्यांच्या परतीच्या विमानाला तीन आठवडे उरले होते. तीन आठवडे काढायचे, मग विमानतळ, मग सुटले. मी म्हणाले, "छान झालंय, बाबा." आणि कुकर लावायला उठले.

शनिवारी दुपारी हॅरोचा हॉल भरला होता. बाबांनी फेटा बांधला. मंडळाचा खरा डफ हातात आला तसे ते दहा वर्षांनी लहान दिसायला लागले. मागे झील धरायला एक डॉक्टर आणि एक बँकवाले उभे राहिले. आणि काय रंगला पोवाडा! लोक आधी हसले, मग सगळा हॉल जी जी करायला लागला. मी मागच्या रांगेत पर्सचा पट्टा पिळत बसले होते.

चौघडे वाजले, वीर सिंहासनावर चढला. आणि पहिल्या रांगेतली परकर-पोलक्यातली एक दहा वर्षांची मुलगी उभी राहिली. इथेच जन्मलेली. "आजोबा, बट ही डाइड! तो किंग नाही झाली. आमच्या टीचरने सांगितलं. त्याला पकडून लंडनला आणली आणि मारली."

हॉलमध्ये हशा उसळला. वाईट मनाने कुणी हसलं नाही, पण हसले. तिची आई तिला खाली ओढत "सॉरी हं, सॉरी" करायला लागली. बाबांचा हात डफावर तसाच थांबला.

"कुठे मारलं, बाळ?"

"लंडनमध्ये."

"म्हणजे इथेच," बाबा म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये मागच्या रांगेत मला बरोबर शोधलं. "माझी माहिती अपुरी होती. क्षमा असावी." डफ शेजारच्या डॉक्टरांच्या हाती देऊन ते खाली उतरले. सेक्रेटरींनी घाईघाईने बटाटेवडे तयार असल्याची घोषणा केली.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. तीस वर्षं वर्गापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला माझ्या आळसापायी, माझ्या भित्रेपणापायी भर सभेत माफी मागावी लागली. घरी आल्यावर फेट्याची नीट घडी करून त्यांनी ती बॅगेत ठेवली.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर ते म्हणाले, "लाव ती डिस्क. आज शेवटपर्यंत."

लावली. बाबा ताठ बसून सगळं बघत होते. फितुरी बघितली, बेड्या बघितल्या, चौकातलं ते सगळं बघितलं. मान वळवली नाही. मीच दोनदा उठून खिडकीपाशी गेले. शेवटची नावंही वर सरकून गेली.

"अडकली नाही गं कुठे," बाबा म्हणाले.

"नाही."

"त्याला धरून दिलं ते त्याच्याच माणसांनी."

"हो."

त्यांनी बाजूच्या टेबलावरचा शॉर्टब्रेडचा रिकामा डबा मांडीवर घेतला. "हा डबा आपल्या सुपरमार्केटात दाराशीच रचलेला असतो. शनिवारी तुझ्याबरोबर भाजी आणायला येतो ना मी. याच्या बुडावर अर्धवट खरवडलेलं किमतीचं लेबल होतं. तिथल्या डब्यावर अख्खं होतं. सारखंच."

मी खाली जमिनीवर बसले. "तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं?"

"तो स्कॉटलंडला नाही, एवढं कळलं. बाकी काय असेल ते मनाशी जुळवत होतो."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"कामावरून यायचीस तेव्हा तुझा चेहरा कसा असायचा, पाहिलायस कधी? म्हटलं, ही जिथे थांबवतेय तिथे आपणही थांबावं." त्यांनी डबा परत टेबलावर ठेवला. "आणि खरं सांगू? मुलगा माझाच आहे. मलाही पुढचं ऐकायचं नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ. म्हणून पोवाडे रचत बसलो. आता सांग. राज्याभिषेक नको. झालं ते सांग."

मी सांगितलं. ती ऑफिसातली, ती बॅग, तो फ्लॅट, ते तीन राउंडअबाउट, सगळं. सांगता सांगता भोकाड पसरून रडले, अडतिसाव्या वर्षी, सासऱ्यांपुढे. बाबांनी डोक्यावरून हात वगैरे फिरवला नाही, तसले ते नव्हतेच. उठून चहा टाकला. त्यात साखर दोनदा पडली होती. मी तो सगळा प्यायले.

संध्याकाळी सहाला फोन वाजला. मी सवयीने उठायला लागले. "तू बस," बाबा म्हणाले, आणि त्यांनी रिसीव्हर उचलला.

"हं, बोल... नाही, डोंगराचं राहू दे. आज चहाला ये."

पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकू येत राहिलं. बाबांनी ते मधे न तोडता पूर्ण ऐकून घेतलं.

"ट्रेन कशाला लागते? तीन राउंडअबाउट तर आहेत. चालत ये," ते म्हणाले. "आणि डबा आणू नकोस."