पत्रा ओरडत नाही

बाबांच्या जुन्या गाडीचं इंजिन निकामी झालं. त्याच जातीचं दुसरं शोधत मी बदलापूरहून उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका गॅरेजात पोचले. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने भंगारातल्या इंजिनावर खडू घासून बोटाने पुसला. त्यावर कोरलेले मॉडेलचे आकडे पांढरे उमटले.

"हेच ते. दुसरं भेटणार नाय," तो म्हणाला.

गाडी ओढून तिथे नेली. साखळीला टांगलेलं इंजिन बॉनेटखाली उतरू लागलं. कुठे आपटून तडा गेला असता, तर गाडीही भंगारातच गेली असती. लागणाऱ्या सामानाची यादी मी करून आणली होती; तीत रबर, बोल्ट, पाइप सगळं होतं. मिस्त्री उजव्या हाताने साखळी सोडत होता आणि डावा पंजा त्याने इंजिन आणि पत्र्याच्या फटीत घातला होता.

"अहो, हात काढा!"

"पत्रा ओरडत नाय ताई, माणूस ओरडतो. तिकडून तुमचा घाला."

यादी पर्समध्ये कोंबून मी हात घातला. गार लोखंड बोटांना टेकलं.

"थांबा!" मी किंचाळले.

साखळी जागीच थांबली. त्याने इंजिन थोडं स्वतःकडे ओढलं आणि ते अलगद जागेवर बसलं.

परवा घरी कपाट सरकवताना भिंतीकडच्या फटीत मी आधी हात घातला.