गायरानाचा भाव

“मॅडम, तुमच्या रिपोर्टमधला आकडा आम्हाला मान्य आहे,” सोलर कंपनीचे अधिकारी म्हणाले. “तेवढी रक्कम गावाला देऊ. गायरान आम्हाला द्या.”

धामणगाव बढेच्या पुढच्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. ग्रामसभा तासाभरावर आली होती. मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. कारण तो रिपोर्ट मी गायरान वाचवायला लिहिला होता.

माझा विषय पर्यावरणीय अर्थशास्त्र. नदी, जंगल, चराई बाजारात विकली जात नाहीत, म्हणून सरकारी हिशोबात त्यांची किंमत शून्य धरतात. आम्ही म्हणतो, शून्य नाही, आम्ही आकडा काढून दाखवतो. मी मूळची मेहकरची, नोकरी पुण्याच्या विद्यापीठात. या गावातल्या टेकडीवरच्या गायरानात शेळ्या चरतात, बाया सीताफळं तोडून बाजारात नेतात. तिथं सोलर पॅनल बसणार असं कळलं, तेव्हा मी मोठ्या उत्साहात सर्व्हे घेऊन आले. सोलरला विरोध करणंही अवघडच होतं. माझ्या प्रत्येक लेक्चरच्या शेवटच्या स्लाइडवर हसरा सूर्य असतो.

सर्व्हेत एक ठरलेला प्रश्न होता. गायरान टिकावं म्हणून तुम्ही वर्षाला किती पैसे द्याल? शेळ्या पाळणाऱ्या कौसाबाई इंगळेंनी उलट मलाच विचारलं.

“गायरान कोनाचं हाय?”

“गावाचं.”

“मंग आमचंच आमी इकत काऊन घ्यायचं?”

असं म्हणणारे बरेच निघाले. आमच्या शास्त्रात या उत्तराला निषेधाचा शून्य म्हणतात. म्हणजे माणसाला वस्तू हवी आहे, पण प्रश्नच पटलेला नाही. अशी उत्तरं सरासरीतून वगळायची, असा संकेत आहे. मी वगळली. ज्यांचा गायरानावर सगळ्यात जास्त जीव, तेच माझ्या हिशोबातून बाहेर गेले. ही त्रुटी मी दरवर्षी वर्गात शिकवते, परीक्षेतही विचारते. रिपोर्टमध्ये तिला शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात जागा दिली होती.

मी बाजूला जाऊन विभागप्रमुखांना फोन लावला.

“सर, कंपनी माझा आकडा द्यायला तयार आहे.”

“अरे वा, अभिनंदन! आपला रिपोर्ट कोणीतरी वाचला तर!”

“सर, त्या पैशात ते गायरान घेतायत.”

“मग आकडा मोठा काढायचा ना.”

ग्रामसभेला मारुतीच्या पारासमोर सगळं गाव जमलं. पैसे घ्यावेत असं म्हणणारे कमी नव्हते. त्यात काही चूकही नव्हतं, शाळेचं छप्पर गळत होतं. अधिकाऱ्यांनी माझा रिपोर्ट उंच धरला. “ही किंमत आमची नाही. विद्यापीठाच्या तज्ज्ञांची आहे.” माना डोलल्या. कौसाबाई पदर आवळून माझ्याकडे बघत राहिल्या. ते बघणं मला सोसेना.

मी उठले. वीस लोकांच्या सेमिनारमध्येही मी स्वतःच्या पेपरची चूक कधी कबूल केलेली नाही. इथं सगळं गाव होतं.

“हा आकडा चुकीचा आहे,” मी म्हणाले. “ज्यांनी भाव सांगायला नकार दिला, त्यांना मी मोजलंच नाही. ज्यांच्याकडे द्यायला पैसे नाहीत, त्यांचं मत आपोआप हलकं ठरलं. आणि एकदा गेलेलं गायरान तेवढ्या पैशात परत मिळतं का, हे मी कोणाला विचारलंच नाही.”

“मग बरोबर आकडा कोणता?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“माहीत नाही.”

“अंदाजे?”

“अंदाजेही सांगता येणार नाही.”

मागून कोणीतरी ओरडलं, “मंग इतले दिवस काय करून राह्यल्या होत्या हो मॅडम?”

सगळी सभा हसली. मीही हसले. दुसरं काय करणार?

हसू ओसरल्यावर कौसाबाई उभ्या राहिल्या. “भाव नाई त सौदा नाई. माह्या शेळ्या कुठी नेऊ मी?” मग एकेक जण बोलू लागला. सरपंच दिनकरभाऊंनी शेवटी मार्ग काढला. टेकडीच्या पलीकडे त्यांची आणि भावकीची खडकाळ पड जमीन होती. “ते भाड्यानं घ्या साहेब. तिथं कुसळबी उगवत नाई.” अधिकारी कुरकुरले, पण पुढच्या महिन्यात येऊन जमीन बघून गेले. पॅनल आता तिथं आहेत. शाळेचं छप्पर मात्र अजून गळतं, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

ग्रामसेवकांनी लिहिलेला ठराव मी वाचला. “विद्यापीठाच्या तज्ज्ञांना गायरानाची किंमत ठरवता न आल्यामुळे जमीन देता येत नाही.” खाली शिक्का.

आता वर्गात मी मुलांना आधी सांगते, आकडा काढण्यापूर्वी तो कोणाच्या हातात पडेल ते बघा. मुलं लिहून घेतात. माझ्या सगळ्या कारकिर्दीत सरकारी कागदावर उतरलेला आणि खरोखर अमलात आलेला निष्कर्ष म्हणजे त्या ठरावातलं एवढं एक वाक्य. बढतीच्या अर्जात तो कुठल्या रकान्यात घालायचा, हे विभागप्रमुखांनाही सांगता आलेलं नाही.