उणे अठरा

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात कोल्ड स्टोरेजचे कंट्रोलर बनतात. आतलं तापमान दाखवायचं आणि वाढलं की बोंब मारायची, एवढंच त्या डब्याचं काम. प्रोग्रॅम एकच, पण डब्यातला प्रोसेसर बदलला की त्याच्यासाठी वेगळे पर्याय लावून तो पुन्हा बिल्ड करावा लागतो, म्हणजे त्या प्रोसेसरला कळेल असा नव्याने बनवावा लागतो. नव्या प्रोसेसरचं बिल्ड माझ्या गळ्यात पडलं होतं. जुन्याचं बघायचा माझ्या शेजारच्या खुर्चीतला, भांडुपचा मालवणी गडी. कामाला लागल्यापासून आम्ही दोघं एकाच टेबलावर जेवत आलेलो.

साहेबांनी मीटिंगमध्ये सांगून टाकलं: नव्या प्रोसेसरचा बोर्ड महिनाअखेरपर्यंत चालला तर जुना बंद, नाही चालला तर अख्खं युनिट बंद. म्हणजे माझं जमलं तर तो घरी, नाही जमलं तर दोघंही घरी. हा काय न्याय झाला? मी तिथेच तोंड उघडणार होते, पण त्याने टेबलाखालून पाय मारला.

आणि जमत तरी कुठे होतं! बोर्डाचा सेन्सर फ्रीजरमध्ये ठेवला की उणे अठराच्या जागी दोनशे अडतीस दिसायचं. दोनशे अडतीस! फ्रीजर आहे की भट्टी? सेन्सर बदलला, वायरी बदलल्या, बिल्डचे पर्याय काढले, घातले, सगळं पुसून पुन्हा लिहिलं. बुडत्याचा पाय खोलात. मुलुंडला घरी पोचले तरी डोक्यात तोच आकडा. नवऱ्यावर खेकसायचे, आमटीत दोनदा मीठ पडायचं. ऑफिसातला हा मात्र शेजारी बसून सगळं बघायचा आणि गप्प.

एका दुपारी त्याने डबा उघडला, सुकटीची चटणी माझ्या पोळीवर वाढली आणि म्हणाला, "जेव आधी. मग सांगतो तुझं दोनशे अडतीस."

"तुला माहितीये?"

"पहिल्या दिवशीच कळलं होतं. छोटा आकडा मायनस असू शकतो, हे जुना प्रोसेसर धरूनच चालतो. नवा धरत नाही, त्याला सांगावं लागतं. नाहीतर त्या छोट्या खणात मावतात तेवढ्या दोनशे छप्पन्नातून तो अठरा काढून मोकळा. बिल्डमध्ये त्याचा एक पर्याय आहे, तेवढा घाल."

माझा घास हातातच राहिला. "मेल्या, मग इतके दिवस मला नाचवलंस कशाला?"

"अगो, माझ्या हातात तेवढंच होतं ना. वाटलं, साहेब कंटाळतील, जुनाच चालू ठेवतील." तो डब्याचं झाकण उगाच पुसत राहिला. "नाही कंटाळणार ते. दोघांची वाट लागण्यापेक्षा एकाचं तरी राहू दे."

आधी त्याचा भयंकर राग आला, आणि मग असं रडू फुटलं की मी उठून बेसिनकडे गेले. परत येऊन म्हटलं, "नाही घालत जा तो पर्याय."

"वेडी की काय? ही नोकरी गेली तर तुझ्या सासूबाईंचं डायलिसिस कुठल्या विम्यावर करणार?"

"आणि तुझं काय?"

"माझं बघू."

घातला. एक ओळ. थोड्या वेळाने पडद्यावर उणे अठरा आलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांना सामोसे मागवले. त्यानेही खाल्ला, चटणी पांचट आहे म्हणाला.

मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन भांडले. ती ओळ त्याची आहे, माझी नाही, दुसऱ्या कामात घ्या त्याला. साहेब म्हणाले, "अच्छा?" आणि फोन बघायला लागले. महिनाअखेर त्याची खुर्ची रिकामी झाली.

परवा त्याचा फोन आला. कांदिवलीला एका कंपनीत मुलाखतीला गेला होता, त्यांनी वय विचारलं आणि पाणी पाजून परत पाठवलं, हे हसत हसत सांगितलं. मग विचारलं, "मायनस नीट दाखवतोय ना?"

"दाखवतोय रे."

"जुन्या बोर्डांचं काही रिपेरिंगबिपेरिंग निघालं तर सांग हां. घरी बसूनही करीन."

"सांगते," मी म्हटलं. जुने सगळे बोर्ड सकाळीच भंगारवाल्याच्या टेम्पोत चढले होते, आणि ते चढवून घ्यायला साहेबांनी मलाच उभं केलं होतं.